शेवटच्या भागानंतरची पन्नास वर्षे

२ एप्रिल १९७१. शुक्रवारची दुपार. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर 'डार्क शॅडोज' या मालिकेचा शेवटचा भाग लागला. निवेदकाने कथेची उरलीसुरली टोके थोडक्यात बांधून टाकली, आणि सोमवारपासून त्या वेळेला शब्द ओळखण्याचा एक खेळ सुरू झाला. वाहिनीच्या लेखी विषय मिटला होता. गंमत अशी, की ज्या पात्रापायी घरोघरचे लोक रोज दुपारी दूरचित्रवाणीसमोर येऊन बसत, तो बार्नाबस कॉलिन्स या शेवटच्या भागात नव्हताच. ती भूमिका करणारे जोनाथन फ्रिड पडद्यावर होते. पण अखेरचे काही आठवडे ते एका निराळ्याच कथानकातल्या ब्रॅमवेल नावाच्या माणसाचे काम करीत होते. ज्याच्यावर जीव जडला, त्याचा निरोपही धड झाला नाही.

निरोप न झालेल्या माणसाची विचारपूस माणूस करीतच राहतो. 'डार्क शॅडोज'च्या चाहत्यांनी गेली पन्नासहून अधिक वर्षे हेच केले आहे. मालिकेतल्या कलावंतांचे पुढे काय झाले, कोण कुठल्या नाटकात आहे, कोणी पुस्तक लिहिले, कोण आजारी आहे, कोण गेले, याची खबरबात ते ठेवीत आले. बाहेरून पाहणाऱ्याला हे खुळ वाटेल. पण या खुळाने जे साधले, ते बड्या वाहिन्यांनाही अनेकदा साधले नव्हते.

थोडे मागे जाऊ या. अमेरिकेत दुपारच्या कौटुंबिक मालिकांना 'सोप ऑपेरा' म्हणतात. रेडिओच्या काळात साबणाच्या कंपन्या त्यांचा खर्च उचलत, म्हणून हे नाव पडले. लग्ने, भानगडी, इस्पितळे आणि कोर्टकचेऱ्या हा त्यांचा ठरलेला ऐवज. गोल्फच्या कार्यक्रमांची निर्मिती करणाऱ्या डॅन कर्टिस यांना एकदा स्वप्न पडले: आगगाडीतून एकटी प्रवास करणारी एक तरुण मुलगी, आणि तिची वाट पाहणारे एक जुने, भले थोरले घर. त्या स्वप्नातून २७ जून १९६६ रोजी 'डार्क शॅडोज' सुरू झाली. मेन राज्याच्या किनाऱ्यावरचे कॉलिन्सपोर्ट हे काल्पनिक गाव, तिथला 'कॉलिनवुड' हा वाडा, अठरा वर्षे वाड्याबाहेर पाऊल न टाकलेली मालकीण आणि तिथे नोकरीसाठी आलेली अनाथ व्हिक्टोरिया. नारायण धारपांच्या वाचकाला हा मामला नवा वाटणार नाही. बंद खोली, जुना शाप आणि घराण्याने दडवलेले गुपित यांची भूल सगळीकडे सारखीच.

सुरुवातीचे महिने मालिका रखडतच चालली. भुतेखेते आणल्यावर प्रेक्षक थोडे हलले. मग एप्रिल १९६७ मध्ये, विली लूमिस नावाचा एक भुरटा दागिन्यांच्या आशेने कॉलिन्स घराण्याच्या थडग्यात शिरला. साखळदंडांनी बांधलेली शवपेटी त्याने उघडली, आणि आतून एक हात बाहेर आला. लवकरच वाड्याच्या दाराशी एक अदबशीर गृहस्थ उभा राहिला: खांद्यावर झगा, बोटात काळ्या खड्याची अंगठी, हातात लांडग्याच्या तोंडाची चांदीची मूठ असलेली काठी. आपण इंग्लंडहून आलेले भाऊबंद आहोत, असे त्याने सांगितले. अठराव्या शतकापासून पेटीत कोंडलेले हे रक्तपिपासू पिशाच्च काही आठवड्यांपुरतेच आणायचे, असा बेत होता. झाले उलटेच. मालिका त्याचीच होऊन गेली.

चुकांतला जिव्हाळा

असे का झाले असावे? बार्नाबस दुष्ट होता, पण त्याला स्वतःच्या दुष्टपणाची लाज वाटत होती. १९६७ च्या अखेरीस कथानकाने १७९५ सालात उडी घेतली. तिथे तो प्रेमात पडलेला साधा तरुण दिसला. दुखावलेल्या अँजेलिकने दिलेल्या शापाने त्याचे पिशाच्च झाले आणि त्याची जोसेट त्याला अंतरली. पुढे पडद्यावर हळव्या व्हॅम्पायरांची रांग लागली. बार्नाबस त्यांतला फार आधीचा. शाळा सुटली की मुले धावत घरी येत, ती या शापित माणसाला पाहायला. टपालाने त्याच्या नावाची पत्रे येत.

दुसरे कारण अधिक मजेशीर आहे. मालिकेचा अर्ध्या तासाचा भाग आठवड्यातून पाच दिवस दाखवायचा असे. न्यूयॉर्कमधल्या एका लहानशा स्टुडिओत तो नाटकासारखा सलग करून फितीवर घेतला जाई. फीत कापून जोडणे खर्चाचे, त्यामुळे मोठा घोटाळा झाल्याखेरीज चित्रण थांबत नसे. साहजिकच ध्वनिग्राहक चौकटीत डोकावे, थडग्याचा दगड हले, दार उघडेना की नट ओशाळून दुसरीकडून जाई. संवाद आठवत नसला, की नजर टेलिप्रॉम्प्टर शोधी. फ्रिड यांचे पाठांतर रोजच्या या धबडग्यात वारंवार अडखळे. आणि इथेच नशिबाने हात दिला. नटाच्या डोळ्यांतली ती धास्ती प्रेक्षकांना बार्नाबसच्या मनातली वेदना वाटली!

या चुका चाहत्यांनी कधी लपवल्या नाहीत. उलट त्या लाडाने मोजल्या. पडद्यावरच्या भुताआड घामाघूम झालेला एक माणूस काम करतो आहे, हे त्यांना रोज दिसत होते. मालिका संपल्यावर त्यांना पात्रांइतकीच माणसांचीही काळजी का वाटावी, याचे उत्तर कदाचित या हलणाऱ्या दगडांतच असेल.

टपालाने येणारी खबर

१९७१ नंतर ही खबर मिळवायची कशी? वर्तमानपत्रांना बंद पडलेल्या मालिकेत रस नव्हता. मग चाहत्यांनी स्वतःच वार्ताहर व्हायचे ठरवले. १९७५ च्या सुमारास 'द वर्ल्ड ऑफ डार्क शॅडोज' हे हौशी नियतकालिक निघाले. पुढे 'शॅडोग्राम' नावाचे वार्तापत्र आले, ते तर मुख्यतः कलावंतांच्या बातम्यांसाठीच. आपल्याकडच्या सायक्लोस्टाईल अंकांची आठवण व्हावी असा हा उद्योग. वर्गणी टपालाने यायची आणि अंकही टपालानेच जायचा. १९८३ पासून 'डार्क शॅडोज फेस्टिव्हल' हे चाहत्यांचे संमेलन भरू लागले. तिथे कलावंत येत, आठवणी सांगत, स्वाक्षऱ्या देत.

बातम्या तरी कशा? बहुतेक अगदी साध्या. केट जॅक्सन या मालिकेच्या शेवटच्या वर्षातल्या नवख्या अभिनेत्री. १९७६ मध्ये 'चार्लीज एंजल्स'मुळे त्या घराघरांत पोचल्या. शवपेटी उघडणाऱ्या विलीचे काम करणारे जॉन कार्लन यांना १९८६ मध्ये 'कॅग्नी अँड लेसी'साठी एमी पारितोषिक मिळाले. क्वेंटिन झालेले डेव्हिड सेल्बी 'फाल्कन क्रेस्ट'मध्ये दिसू लागले. वाड्याच्या मालकिणीच्या भूमिकेतल्या जोन बेनेट या तर १९४० च्या दशकातल्या हॉलिवूडच्या मोठ्या नायिका. फ्रिट्झ लँग यांच्या चित्रपटांत त्यांनी कामे केली होती. त्यांच्या जुन्या चित्रपटांकडे नव्या पिढीची काही मुले वळली, ती या मालिकेच्या वाटेने.

ही खबरबात एकतर्फी राहिली नाही, हे विशेष. जोसेटची भूमिका करणाऱ्या कॅथरिन ली स्कॉट यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि १९८६ मध्ये मालिकेच्या आठवणींचे पुस्तक छापले. शाप देणाऱ्या अँजेलिकच्या भूमिकेतल्या लारा पार्कर यांनी १९९८ मध्ये त्याच अँजेलिकची कादंबरी लिहिली आणि नंतर याच कथाविश्वातल्या आणखी तीन. २००६ पासून 'बिग फिनिश' या ब्रिटिश संस्थेने ध्वनिनाट्ये काढली. त्यांत मूळ संचातले कलावंत पुन्हा आपापल्या आवाजात बोलले. वाचणारे आणि ऐकणारे आहेत हे ठाऊक असल्याखेरीज हे कोण करील?

एका हरवलेल्या भागाची गोष्ट

त्या काळी दूरचित्रवाणीची फीत महाग होती. कार्यक्रम दाखवून झाला, की पुसून तिच्यावर दुसरा घ्यायचा, ही जगभरची रीत. बीबीसीच्या 'डॉक्टर हू'चे कितीतरी भाग असे गेले. अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांचे हजारो तास असेच नाहीसे झाले. 'डार्क शॅडोज'चे मात्र १,२२५ भागांपैकी एक सोडून सारे उरले आहेत. काहींची मूळ रंगीत फीत गेली आणि कृष्णधवल प्रतच हाती लागली, पण कथा तुटली नाही.

हरवलेला भाग क्रमांक १२१९. त्याचे चित्र कुठेही नाही. आवाज मात्र आहे, कारण मालिका चालू असताना एका प्रेक्षकाने घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून ठेवला होता. घरी व्हिडिओ नसण्याच्या त्या दिवसांत चाहते एवढेच करू शकत. पुढे त्या आवाजाला इतर भागांतल्या चित्रांची जोड देऊन हा भाग उभा करण्यात आला. जे कोणी जपायचे, त्यांच्याकडून ते निसटले. घरच्या खोलीत यंत्राचे बटण दाबणाऱ्याने ते जपले.

ऐंशीच्या दशकात प्रेक्षकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या सार्वजनिक केंद्रांनी मालिका पुन्हा दाखवली. मग व्हिडिओ कॅसेट आल्या. १९९२ मध्ये सुरू झालेल्या साय-फाय चॅनेलवर ती नव्याने लागली. २०१२ मध्ये सर्व भाग १३१ डीव्हीडींच्या संचात निघाले. संचाचा खोका अर्थातच शवपेटीच्या आकाराचा! एवढ्या मोठ्या संचाला गिऱ्हाईक मिळेल, हे प्रकाशकाला कशावरून वाटले असेल? पत्रे लिहिणारी, संमेलनांना येणारी माणसे त्याच्या डोळ्यांसमोर होतीच.

कुतूहलाची मर्यादा

आता अवघड भाग. एखाद्या नटाची बातमी ठेवणे कुठवर चांगले? फ्रिड हे कॅनडातल्या हॅमिल्टनचे. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडाच्या नौदलात होते, येल विद्यापीठात त्यांनी नाट्यदिग्दर्शनाचे शिक्षण घेतले, शेक्सपिअरच्या भूमिका केल्या. कॅलिफोर्नियात जाऊन अभिनय शिकवावा, अशा विचारात असताना त्यांना बार्नाबसचे काम आले. चार पैसे मिळतील म्हणून त्यांनी ते घेतले. चाळिशी ओलांडलेला हा रंगभूमीचा नट एका वर्षात शाळकरी मुलांचा नायक झाला, आणि मग जन्मभर लोकांनी त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारली. मालिकेनंतर ते बराच काळ प्रसिद्धीपासून लांब राहिले. नंतर ग्रंथालयांतून, महाविद्यालयांतून एकपात्री कथावाचनाचे कार्यक्रम करू लागले. तिथे येणाऱ्यांत बार्नाबसला पाहायला आलेले पुष्कळ असत. फ्रिड त्यांना गोष्ट वाचून दाखवीत. आलेला माणूस भूमिकेसाठी आला आणि नटाला ऐकून गेला, तर त्या कुतूहलाने कोणाचे वाईट केले असे म्हणता येणार नाही. नटाने मिटलेले दार ठोठावायचे नाही, एवढे पथ्य मात्र पाळायला हवे.

मालिकेला पुन्हा मोठे करण्याचे प्रयत्नही झाले. जानेवारी १९९१ मध्ये डॅन कर्टिस यांनीच एनबीसीवर ती नव्या संचासह आणली. त्याच आठवड्यात आखाती युद्ध पेटले, बातम्यांनी वेळापत्रक उधळले आणि बारा भागांत सारे आटोपले. मग २०१२ मध्ये टिम बर्टन यांचा चित्रपट आला. बार्नाबस झाले जॉनी डेप. लहानपणी त्यांना बार्नाबसच व्हायचे होते. चित्रपटात मेजवानीच्या प्रसंगी दाराशी चार पाहुणे येतात: फ्रिड, पार्कर, सेल्बी आणि स्कॉट. क्षणभराचे दर्शन. चित्रपट मे महिन्यात लागला. फ्रिड त्याआधीच, एप्रिलमध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी हॅमिल्टनमध्ये निवर्तले. १९७१ मध्ये न झालेला निरोप असा, चार दशकांनी, दाराशी उभा राहून झाला.

बातम्यांचा रंग तेव्हापासून बदलला. जोन बेनेट १९९० मध्ये गेल्या होत्या, कर्टिस २००६ मध्ये. २०२० मध्ये विलीचे काम करणारे कार्लन गेले आणि मालिकेचे संगीतकार रॉबर्ट कोबर्टही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लारा पार्कर गेल्या. शाळेतून धावत येणारी ती मुले आता नातवंडांची झाली आहेत, आणि त्यांच्याकडे येणारी खबर बहुधा एकाच प्रकारची असते. मरण नसलेल्या माणसाची गोष्ट सांगणारे सगळे मर्त्य होते, हे त्यांना एकेका नावानिशी कळत गेले.

अशी बातमी आली की चाहत्याच्या हाती काय उरते? जुना एखादा भाग लावणे. लारा पार्कर यांच्यासाठी बहुधा १७९५ सालातला. दगड हलतो, कोणाचा तरी संवाद अडखळतो, आणि अँजेलिक पुन्हा एकदा शाप देते. तो भाग लावता येतो, कारण कोणीतरी तो ठेवला.