संगणकाची घरघर

रात्री सगळीकडे निजानीज झाली, की टेबलावरच्या संगणकाचा एक आवाज हमखास कानांवर येतो – घर्रऽऽ! जरा कठीण काम सांगितले, की हा आवाज वाढतो. तो असतो आतल्या पंख्याचा. पण हिशेब करणाऱ्या यंत्राला पंखा लागतोच कशाला?

संगणक जी वीज घेतो, तिची अखेर जवळजवळ सगळी उष्णताच होते. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या ‘एनियाक’ संगणकात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. आजचा प्रोसेसर तळहातावर मावतो. तरी कामाच्या भरात तो ६५ वॅट वीज सहज घेतो. तारेचा ६० वॅटचा जुना दिवा किती तापे, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. तेवढी उष्णता इथे नखाएवढ्या चकतीतून बाहेर काढायची असते!

ही उष्णता येते कोठून? प्रोसेसरमध्ये कोट्यवधी सूक्ष्म खटके असतात. खटका उघडताना वा मिटताना थोडा विद्युतभार भरला जातो, थोडा रिकामा होतो. यात खर्च होणारी वीज खटक्यांच्या वेगाच्या प्रमाणात वाढते. पण विद्युतदाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. गंमत आहे ती इथेच.

समजा, दाब १.२ व्होल्टवरून १.०८ व्होल्टवर आणला, म्हणजे दहा टक्क्यांनी उतरवला. ०.९ चा वर्ग ०.८१. वेगही दहा टक्क्यांनी कमी केला, तर ०.८१ × ०.९ = ०.७२९. गळतीची वीज सोडली, तर ६५ वॅटचे सुमारे ४७ वॅट झाले. वेग गेला दहा टक्के, वीज वाचली सत्तावीस टक्के!

मग दाब आणखी का उतरवू नये? कारण दाब अपुरा पडला, की खटके वेळेवर उघडत-मिटत नाहीत. उत्तर चुकते किंवा संगणक बंद पडतो. म्हणून मूळचे आकडे वहीत टिपून ठेवावेत, दाब एकेक पायरीने उतरवावा आणि दर पायरीला संगणकाला बराच वेळ कठीण काम देऊन पाहावे. दाब बदलण्याची सोय सर्वच संगणकांत नसते. तिथे वीजबचतीच्या पर्यायांतून वेगावर मर्यादा घालता येते.

आता पंखा. पंखा हवा गार करीत नाही. उष्णता फक्त वाहून नेतो. त्याचा वेग निम्मा केला, तर वारा निम्मा होतो. पण पंख्याला लागणारी शक्ती एक-अष्टमांशावर येते आणि आवाजही झपाट्याने उतरतो. म्हणून लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणे चांगले. प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा पंखेदार ठोकळा यांच्यामध्ये एक लेपही लावतात. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले, तरी त्यांवर सूक्ष्म खळगे असतात. त्यांत अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक. लेप तिची जागा घेतो.

धूळ साचली, तर मात्र हे सारे व्यर्थ! संगणक बंद करून, वायर काढून, मोठ्यांच्या देखरेखीखाली मऊ कुंचल्याने ती झाडावी. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कधीही उघडू नये; वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार उरलेला असू शकतो.

यातून बिल किती उतरेल? १८ वॅट वाचले आणि संगणक रोज पाच तास भरपूर काम करीत असला, तर ३० दिवसांत २.७ युनिटे. बचत लहानच. पण अभ्यासाच्या खोलीतली शांतता कोणत्या मीटरवर मोजणार?