फुप्फुस कापून श्वास मोकळा

एम्फिसीमा या फुप्फुसाच्या आजारात आत अडकलेली हवा बाहेर पडत नाही. फुगलेला भाग बऱ्या भागाला दाबतो. हा निकामी भाग, प्रत्येक फुप्फुसाचा साधारण २० ते ३० टक्के, कापून काढायचा. कल्पना अमेरिकी सर्जन ऑटो ब्रँटिगन यांची, १९५० च्या दशकातली. सर्जन जोएल कूपर यांनी ती १९९० च्या दशकात पुन्हा रुळवली. १,२१८ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत (२००३) आयुष्य वाढलं ते फुप्फुसाच्या वरच्या भागात आजार आणि व्यायामाची ताकद कमी असलेल्यांचं. अतिक्षीण फुप्फुसांच्या एका गटात मात्र १६ टक्के रुग्ण महिनाभरात दगावले. म्हणजे निवड चुकली की शस्त्रक्रियाच जिवावर बेतते. चाचणीत आधी ६ ते १० आठवड्यांचा व्यायाम सर्वांनाच सक्तीचा होता. आणि चार महिने सिगारेट बंद असल्याशिवाय प्रवेशच नव्हता.