घरचे काम आणि बाहेरचे काम : नवोद्योगांपुढील एक निर्णय

पुण्याहून सातारा रस्त्याने दक्षिणेकडे निघाले म्हणजे घाटाची चढण लागण्यापूर्वी कात्रजची डेअरी लागते. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६० साली स्थापन झाला आणि त्याचा माल आज ‘कात्रज’ याच नावाने घरोघर ओळखला जातो. अशा संघातील कामाची वाटणी पाहण्यासारखी असते. जनावरे पाळणे, वैरणपाणी पाहणे आणि धार काढणे ही कामे शेतकऱ्यांच्या गोठ्यांत होतात. दूध गोळा करण्याचे काम गावोगावच्या प्राथमिक संस्था करतात. दूध ७२ अंश सेल्सियसपर्यंत तापवून १५ सेकंद त्याच उष्णतेवर ठेवणे आणि लगेच थंड करणे, हे पाश्चरीकरणाचे काम मात्र डेअरीत होते. यांखेरीज आणखी एक काम आहे व तेच प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आलेल्या दुधातील फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश व स्निग्धेतर घनांश, यांची परीक्षा डेअरी स्वतः करते. सहकारी संघात दूध घालणारा हाच मालकही असतो; तरीसुद्धा त्याच्या दुधाची परीक्षा चुकत नाही.

ज्यांना आज सर्रास स्टार्टअप म्हणतात, त्या नवोद्योगांपुढे पहिल्या वर्षातच हा प्रश्न उभा राहतो : कोणते काम घरी करावे आणि कोणते बाहेर द्यावे? कात्रज-नऱ्हे-आंबेगाव या पट्ट्यात भाड्याची खोली घेऊन दोघातिघांनी दूध तपासण्याचे एक लहान विद्युत्-उपकरण बनविण्याचे ठरविले आहे, असे समजू. उपकरणाला प्लास्टिकचे कवच हवे, आत विद्युत्-मंडलाची पाटी हवी, ती चालविणारा संगणकीय प्रोग्रॅम हवा; आणि संवेदकाने दिलेल्या आकड्यावरून फॅटचे प्रमाण अचूक सांगणारे अंशांकन हवे.

कवचाचा हिशेब सोपा आहे. यंत्र, जागा व कामगार यांचा वार्षिक स्थिर खर्च ६ लक्ष रुपये आणि घरच्या प्रत्येक नगाचा चालू खर्च ७० रुपये धरू. तेच कवच बाहेरचा कारखानदार जॉबवर्कने १९० रुपयांस देतो. नगामागे १२० रुपये वाचतात. म्हणजे वर्षाला ५,००० नग खपले तरच घरचा कारखाना बाहेरच्या दराशी बरोबरी करील. पहिल्या वर्षी ४०० उपकरणे विकली गेली, तर घरच्या एका कवचाची किंमत १,५७० रुपये पडेल. तेव्हा कवच बाहेरूनच घ्यावे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. (आपले यंत्र, आपला कारखाना या अभिमानापायी हा साधा भागाकार न करणारे उत्साही तरुण प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत.)

तथापि एवढ्यावर निर्णय उरकता आला असता, तर अर्थशास्त्राला या प्रश्नात फारसे काही उरले नसते. रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली असा प्रश्न विचारला की, बाजारात सर्व काही विकत मिळते तर मुळात उद्योगसंस्था अस्तित्वात येतात तरी कशाला? त्यांचे उत्तर असे, की बाजारातून घेण्यालाही खर्च पडतो. माणूस शोधणे, दर ठरविणे, करार करणे, माल तपासणे आणि बिनसले तर भांडणे, हे सारे १९० रुपयांच्या दरात कोठेच दिसत नाही. पुढे ऑलिव्हर विल्यमसन यांनी दाखविले की, एखादी सामग्री एकाच गिऱ्हाइकाच्या उपयोगाची असली म्हणजे दोन्ही पक्ष एकमेकांच्या कचाट्यात सापडतात. आपल्या कवचाचा साचा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तो दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नाही आणि असतो मात्र कारखानदाराच्या ताब्यात. म्हणून साच्याची किंमत नवोद्योगाने वेगळी द्यावी व साचा आपल्या मालकीचा असल्याचे लिहून घ्यावे.

आता एक शंका येते. ज्या पुणे-सातारा-सांगली प्रदेशाच्या कारखानदारीचे आपण कौतुक करतो, तेथील आद्य कारखानदारांनी तर जवळजवळ सर्वच घरी केले! १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा नांगराच्या कारखान्याबरोबर वस्तीही त्यांनाच उभारावी लागली. १९६६ च्या सुमारास टेल्कोने पुण्यात पाय रोवले, ते सुमंत मूळगावकरांच्या दृष्टीनुसार मालमोटारींपासून नव्हे, तर यंत्रे व हत्यारे बनविण्यापासून आणि कारागिरांच्या शिक्षणापासून. मग आजच्या नवोद्योगाने निराळा मार्ग का धरावा?

याचे उत्तर जॉर्ज स्टिगलर यांच्या १९५१ च्या एका लेखात सापडते. धंदा बाल्यावस्थेत असतो तेव्हा त्याला लागणारे सुटे भाग व सेवा पुरविणारे कोणीच नसतात. म्हणून सर्व घरी करणे भाग पडते. धंदा वाढला म्हणजे एकेका कामावर स्वतंत्र कारखाने जगू शकतात. येथे उद्योगसंस्थेचे वय आणि धंद्याचे वय यांत गल्लत होऊ देता कामा नये. आपला नवोद्योग दोन वर्षांचा असेल. पण प्लास्टिकचा साचा, पत्र्याचे कातकाम, पावडर कोटिंग हे धंदे पुण्यात आता जुने आहेत. नऱ्ह्यात किंवा भोसरीत चार ठिकाणी दर विचारता येतात. किर्लोस्करांना ती सोय नव्हती.

याच नियमाची दुसरी बाजूही आहे आणि ती बहुधा दुर्लक्षिली जाते. नवोद्योगातील जो भाग खरोखर नवा, त्याचा बाजार नसतोच. आपल्या उदाहरणात तो भाग अंशांकनाचा. गाईचे दूध आणि म्हशीचे दूध, सकाळचे दूध आणि संध्याकाळचे दूध यांत संवेदकाचे आकडे कसे बदलतात, याचे ज्ञान शेकडो नमुने गर्बर पद्धतीने ताडून पाहिल्याशिवाय हाती येत नाही. हे काम बाहेर दिले, तर ज्ञान बाहेरच्याकडे साठते व आपल्याकडे केवळ पावती राहते. शिवाय फॅटच्या आकड्यावर दुधाचा दर ठरतो. दोन दशांशांची चूक रोज दहा लिटर दूध घालणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरातून जाते, आणि ती कोठे झाली हे सांगण्याची जबाबदारी उपकरण विकणाऱ्यावर येते. म्हणून अंशांकन, आणि त्याबरोबरच बाहेरून आलेल्या प्रत्येक भागाची तपासणी, ही घरचीच कामे होत. तपासणीसाठी मोठे भांडवल लागत नाही. एक चांगला माणूस आणि एक टेबल पुरते.

प्रोग्रॅमची गोष्ट या दोहोंच्या मध्ये येते. तो बाहेरच्या तज्ज्ञाकडून लिहवून घेण्यास हरकत नाही. परंतु पैसे दिले म्हणजे तो आपला झाला, ही समजूत कायद्याला धरून नाही. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट अधिनियमाप्रमाणे नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या लेखनाचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, मालक असतो. स्वतंत्र कंत्राटदाराने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क मात्र सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. तो लेखी व सहीनिशी हस्तांतरित करून घ्यावा लागतो. त्या लेखातही मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर ५ वर्षांपुरते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते समजले जाते. उपकरण सहाव्या वर्षीही विकावयाचे असेल, तर या दोन गोष्टी पहिला हप्ता देण्यापूर्वीच लिहून घ्याव्यात.