दोन रुळांमधील अंतर

कोल्हापुराहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा या मार्गानें पुण्यास येते. तेथून दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर अशी मजल मारीत ती गोंदियास पोंचते. हा पल्ला सुमारें १,३५० किलोमीटरांचा असून त्यास एका दिवसाहून अधिक काळ लागतो. इतका प्रवास करूनही ती महाराष्ट्राची सीमा एकदांही ओलांडीत नाहीं. अशी गाडी पूर्वी कां निघूं शकली नाहीं, हें आज सांगण्याचें योजिलें आहे. गाडी किती दूर जाणार हें इंजिनाच्या बळावर ठरतें असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः तें त्याहून अधिक ठरतें दोन रुळांमधील अंतरावर.

मुंबई-ठाणें लोहमार्ग १८५३ सालीं सुरू झाला, तो रुंद मापाचा होता. म्हणजे त्याच्या दोन रुळांत ५ फूट ६ इंच अंतर होतें. पुढें १८७० च्या सुमारास सरकारनें खर्चाच्या काटकसरीसाठीं एक मीटर, म्हणजे सुमारें ३ फूट ३ इंच, असें दुसरें माप स्वीकारलें. अरुंद मार्गास मातीकाम थोडें लागतें, पूल हलके चालतात आणि डोंगराच्या अंगानें वळणेंही अधिक बांकदार घेतां येतात. १८७६-७७ च्या दुष्काळानें दक्षिणेंत रेल्वेची निकड सर्वांस पटली होती. १८८२ सालीं सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि पुणें, मिरज, बेळगांव, लोंढा हा मार्ग तिनें मीटर मापानेंच बांधला. मिरज-कोल्हापूर फांटा कोल्हापूर संस्थानानें घातला. तो १८९१ सालीं खुला झाला.

या मार्गाचे उपकार लहान नाहींत. त्याच्याच आधारानें १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढें कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कांचकारखाना भरभराटीस आला. परंतु पुण्यास येतांच हा मार्ग खुंटे. मीटर मापाचा डबा रुंद रुळांवर चढणें शक्यच नव्हतें. त्यामुळें सांगलीच्या हळदीचें पोतें आणि कोल्हापुरी गुळाची ढेप एका वाघिणींतून उतरवून दुसरींत भरावी लागे. त्यांत वेळ जाई, हमाली पडे आणि मालाची नासधूस होई ती निराळीच. उतारूंनाही मुलेंमाणसें व वळकट्या सांभाळीत गाडी बदलावी लागे. शिवाय खुद्द सातारा शहरास जावयाचें तर सातारा रोड स्टेशनावर उतरून सुमारें दहा मैल रस्त्यानें जावें लागे. आणि सांगली मुख्य मार्गावर नसल्यामुळें तेथें मिरजेहून १९०७ सालीं निघालेल्या फांट्यानें जावें लागे.

आतां या गाडीच्या दुसऱ्या टोंकाकडे पाहूं. गोंदियावरून जाणारा नागपूर-राजनांदगांव मार्गही आरंभीं मीटर मापाचाच होता. परंतु १८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो घेतला आणि थोड्याच वर्षांत रुंद केला; कारण मुंबई-कलकत्ता हा जवळचा मार्ग त्यावरूनच व्हावयाचा होता. आमच्या मार्गाच्या नशिबीं असें महत्त्व नव्हतें. मिरजेच्या खालीं लोंढा, हुबळीपर्यंत सर्वत्र मीटर मापच होतें. तेव्हां पुणें-मिरज तेवढें रुंद केलें तर गाडी बदलण्याची अडचण पुण्याहून मिरजेस जाणार, एवढेंच. म्हणून गोंदियाकडचें काम त्वरेनें झालें आणि सातारा-सांगलीस सुमारें ऐंशी वर्षें वाट पाहावी लागली.

१९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. कोल्हापूर आणि नागपूर एका राज्यांत आलीं, पण त्यांना जोडणारा लोहमार्ग अद्याप एकसंध नव्हता. १९७१ सालीं पुणें-कोल्हापूर मार्ग रुंद झाला. त्याच कामांत मार्गाचीं वळणें बदलून तो सातारा व सांगली या शहरांच्या अधिक जवळ आणिला. साताऱ्याचें हल्लींचें स्टेशन माहुलीस आहे तें त्यामुळेंच. कोल्हापूरचा डबा आतां थेट मुंबईस जाऊं लागला. महाराष्ट्र एक्स्प्रेसही याच रुंदीकरणाचें फळ होय. ती आधीं नागपूरपर्यंत धावे. मागाहून तिचा पल्ला गोंदियापर्यंत वाढविण्यांत आला. मिरजेच्या पुढील मीटर मार्ग रुंद होण्यास मात्र विसाव्या शतकाचें अखेरचें दशक उजाडावें लागलें.

आतां या मार्गावर विजेचीं इंजिनें धावतात, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें कोल्हापूर-पुणें वंदे भारत गाडीही सुरू झाली. वेगवान गाड्या अवश्य हव्यात. परंतु महाराष्ट्र एक्स्प्रेस रेंगाळते, तिचे थांबे फार, अशी तक्रार ऐकूं येते, तिचा विचार थोडा सबुरीनें व्हावा. वेग दोन रीतींनीं वाढतो : मार्ग दुहेरी करून समोरून येणाऱ्या गाडीसाठीं थांबणें टाळलें तर, किंवा मधलीं स्टेशनें गाळलीं तर. पहिल्या रीतीस पैसा लागतो. दुसरी फुकट पडते, म्हणूनच तिचा मोह होतो. किर्लोस्करवाडीस गाडींत बसलेला मनुष्य जागा न सोडतां अकोल्यास उतरतो, यांतच या गाडीचें सार आहे. त्याचें स्टेशन गाळलें तर त्याला पुन्हां गांठोडें घेऊन वाटेंत गाडी बदलावी लागेल. मग ऐंशी वर्षें जी अडचण रुळांच्या मापानें केली, तीच आपण वेळापत्रकानें करूं. यासाठीं गाडीचा वेग वाढवावयाचा तो रूळ वाढवून वाढवावा, स्टेशनें कमी करून नव्हे.