जुन्या घरांची साक्ष : लेखांक सहावा
कौलावरचे १८६५

पेणेच्या जुन्या आळ्यांतील किंवा रोहे-अष्टमीच्या नदीकाठच्या वस्तीतील ज्या घरांना अद्याप तक्तपोशी लागलेली नाही, त्यांच्या माजघरात उभे राहून वर पाहिले, म्हणजे रिपांच्या मधून मंगलोरी कौलांच्या पोटावर उठवलेली रोमन अक्षरे पुष्कळदा दिसतात. आणि त्यांत ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगलोर’ या नावाच्या जोडीस १८६५ हा आकडा आढळला, की आपले घर त्याच साली उभे राहिले अशी घरधन्याची खात्री होऊन जाते. ही समजूत एकदा कुटुंबाच्या इतिहासात शिरली, की तिची शहानिशा करण्याचे पुढच्या पिढ्यांस कारण वाटत नाही. परंतु १८६५ हे ते कौल भाजल्याचे वर्ष नव्हे. ते कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आहे, आणि स्थापनेनंतर कित्येक वर्षांनी निघालेल्या कौलांवरही ते तसेच उमटत राहिले.

बासेल मिशन ही स्वित्झर्लंडमधील बाझल नगरीची प्रॉटेस्टंट संस्था. तिचे पाद्री १८३४ मध्ये मंगलोरास आले. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे ज्यांचा परंपरागत व्यवसाय आणि जातीचा आधार एकदमच सुटला, अशा लोकांच्या चरितार्थाची जबाबदारी आपल्यावर येते, हे ओळखून मिशनने छापखाना, विणकाम असे उद्योग काढले. आणि त्याच क्रमात गेओर्ग प्लेब्स्ट या यंत्रज्ञ मिशनऱ्याने नेत्रावती नदीच्या परिसरातील मातीची उपयुक्तता हेरून १८६५ मध्ये जेप्पू येथे कौलांचा कारखाना सुरू केला. एकात एक अडकणाऱ्या सपाट कौलाची मूळ कल्पना आल्सास प्रांतातील गिलार्दोनी बंधूंची, १८४१ ची. आपल्याकडे कुंभाराने चाकावर घडवलेली नळीची कौले वाऱ्याने, माकडांनी सरकत, आणि म्हणून मृगापूर्वी दरवर्षी शाकारणी करावी लागे. साच्यातून काढलेले, खाचेत खाच बसणारे हे नवे कौल कोकणच्या पावसात जागचे हलत नसे. त्याने आमच्या घरांचे नुसते रूप बदलले नाही, गृहस्थाचा वैशाख मासातील एक मोठा घोर कमी केला, असे मी मानतो.

मग कौलाचा काळ ओळखावा कसा? प्रथम संस्थेचे नाव पाहावे. १९१४ साली महायुद्ध सुरू झाल्यावर मिशनचे जर्मन कार्यकर्ते शत्रुपक्षाचे ठरले, संस्थेच्या व्यवसायावर सरकारची जप्ती आली, आणि युद्ध संपल्यावर हे कारखाने ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’ या नव्या कंपनीच्या हाती गेले. तेव्हा ज्या कौलावर कॉमनवेल्थचे नाव आहे ते युद्धोत्तर होय, आणि ज्यावर मिशनचे नाव आहे ते बहुधा त्यापूर्वीचे, एवढा निवाडा निःशंकपणे करता येतो. दुसरी खूण गावाची. मिशनचे कारखाने एका जागी राहिले नाहीत. कालिकतचा १८७३ मध्ये, कोडक्कलचा १८८७ मध्ये आणि फेरोकचा १९०५ मध्ये निघाला. यास्तव फेरोकचे नाव असलेले कौल १९०५ च्या आधीचे असणे अशक्य आहे, मग घराविषयीची आख्यायिका काहीही सांगो. आणखी एक सावधगिरी अशी की मंगलोरचे प्रत्येक कौल मिशनचे नसते. त्या शहरात आल्बुकर्क यांच्यासारखे एतद्देशीय कारखानदारही लवकरच पुढे आले, आणि त्यांच्या कौलांवरही स्थापनेचेच साल, १८६८, आढळते.

पेणेस अंतोऱ्याचे बंदर आणि रोह्यास कुंडलिकेची खाडी असल्यामुळे फत्तेमारींतून येणारा असला जड माल या दोन गावांस पोहोचणे सुलभ होते. परंतु नेमकी हीच गोष्ट कालनिर्णयात अडचण उत्पन्न करते. जे कौल शेकडो मैलांचा सागरी प्रवास करून आले, ते पुढे एका छपरावरून उतरून दुसऱ्या छपरावर चढणे काय कठीण? जुना इमला विकला गेला की कौले मोजून विकली जात, आणि नव्या घरावर जुनी कौले किंवा जुन्या घरावर नवी कौले सर्रास बसत. एकट्या कौलाची साक्ष घरापुरती दुर्बळच. ओसरीच्या पडवीवरील आणि पावसाचा मारा खाणाऱ्या पागोळीकडील कौले वारंवार बदललेली असतात, म्हणून आढ्यानजीकच्या ओळी पाहाव्यात, तेथे कोणता छाप अधिक आहे हे मोजावे, आणि मग त्याचा मेळ खरेदीखताशी, घरपट्टीच्या दफ्तराशी, तुळईवर कोरलेल्या शकाशी घालावा. तिन्ही जुळले तर वर्ष सांगावे; न जुळले तर ‘या वर्षानंतर’ एवढेच म्हणून थांबावे, यात कमीपणा नाही.

आज पेण-रोह्यात स्लॅबच्या इमारतींसाठी ही छपरे उतरविली जात आहेत. ज्या वाचकांच्या घरी हे काम निघणार असेल त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की मजुरांच्या हाती छप्पर देण्यापूर्वी प्रत्येक वेगळ्या छापाचे एकेक अखंड कौल बाजूस काढून ठेवावे, आणि ते घराच्या कोणत्या भागातून निघाले हे खडूने त्याच्यावरच लिहावे.