नाण्यावरचा छाप आणि डिस्कवरच्या फाइली

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३,००० हून अधिक, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी सुमारे ९,००० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला होता. पण कित्येक नाण्यांवर नव्या छापाखालून नहपानाचा चेहरा आणि अक्षरे दिसतात. त्यामुळेच कोणी कोणाला हरवले हे आपल्याला कळते.

इतिहासाच्या अभ्यासकाला अशी अर्धवट पुसलेली माहिती हवीच असते. शाळेचा जुना संगणक भंगारात देताना मात्र ती नको. त्यात मुलांचे पत्ते असतात, गुण असतात. फाइल 'डिलीट' केली की आपल्याला वाटते, गेली. प्रत्यक्षात जाते ती बहुधा अनुक्रमणिकेतली नोंद. मजकूर डिस्कवर तसाच राहतो. म्हणून त्याच जागी निरर्थक आकडे लिहिणारे प्रोग्रॅम वापरतात. १९९६ मध्ये पीटर गुटमन यांनी ३५ वेळा लिहिण्याची पद्धत सुचवली होती. आजच्या हार्ड डिस्कला एकदा लिहिणे पुरते.

पण फाइली शेकडो असल्या तर? एकेक नाव कोण टंकत बसणार! मग साध्या मजकुराच्या फाइलीत एका ओळीत एक नाव अशी यादी करायची आणि ती प्रोग्रॅमला पुरवायची. लिनक्सवरचा 'श्रेड' हा प्रोग्रॅम स्वतः यादी वाचत नाही. 'एक्सआर्ग्ज' नावाचा दुसरा प्रोग्रॅम ती वाचून त्याच्या हाती नावे देतो.

खरी गोम इथेच आहे. समजा, यादीत 'दहावी निकाल जुना' अशी एक ओळ आहे. आपल्या लेखी ते एक नाव. एक्सआर्ग्ज मात्र, वेगळे सांगितले नाही तर, मोकळ्या जागेपाशीही नाव तोडतो. त्याला दिसतात तीन फाइली: 'दहावी', 'निकाल' आणि 'जुना'. त्याच फोल्डरमध्ये 'निकाल' नावाची यंदाची फाइल असेल तर ती नष्ट होते, आणि जुनी शाबूत राहते! यादी तर आपण बरोबरच लिहिली होती.

यावर उपाय म्हणजे 'नाव ओळीच्या शेवटीच संपते' अशी सूचना आज्ञेत द्यायची. शिवाय आधी श्रेडच्या जागी 'एलएस' ही निरुपद्रवी आज्ञा घालून तीच यादी चालवून पाहावी. ती फक्त नावे दाखवते. तुटलेल्या नावाची फाइल नसेल तर तसा निरोप देते. हव्या असलेल्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवलेली असावी, हे शिक्षकांना सांगायला नको. आणि यादीतच मुलांची नावे असतील तर शेवटी यादीही पुसायची. हे हटकून राहून जाते.

हे सारे फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कपुरते. नव्या संगणकांतील एसएसडी झीज सारखी वाटली जावी म्हणून नवा मजकूर बहुधा दुसऱ्याच जागी लिहिते, आणि जुना काही काळ मागे उरतो. तिथे श्रेडवर विसंबू नये. एसएसडीची स्वतःची संपूर्ण पुसण्याची आज्ञा वापरावी. ती यादी विचारत नाही, सगळेच पुसते.