वांद्रे–मडगाव एक्स्प्रेस : वसईमार्गे गोव्याला

वसई आणि गोवा यांचे नाते जुने आहे. १५३४ ते १७३९ या काळात वसईचा कारभार गोव्याच्या सत्तेखाली चाले आणि माणसे, माल व पत्रे गलबतांतून ये-जा करीत. रेल्वेच्या काळात हे अंतर कमी व्हावयास हवे होते. परंतु गोव्यास निघालेल्या वसईकराला वर्षानुवर्षे सामान घेऊन आधी दादर, ठाणे किंवा पनवेल गाठावे लागे. गुजरात व राजस्थानकडून येणाऱ्या काही गाड्या वसई रोडला थांबत असत खऱ्या, पण त्या दुरूनच भरून येत. २९ ऑगस्ट २०२४ रोजी वांद्रे टर्मिनस–मडगाव एक्स्प्रेस सुरू झाली, तेव्हा पश्चिम उपनगरांना व वसईला प्रथमच गोव्याची स्वतःची म्हणावी अशी नियमित गाडी मिळाली.

ही गाडी बोरिवली, वसई रोड, भिवंडी रोड, पनवेल, रोहे, वीर, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सिंधुदुर्ग, सावंतवाडी, थिवी, करमळी असे थांबे घेत मडगावला पोहोचते. एकूण प्रवास सुमारे ६०० किलोमीटरचा आहे.

वसई रोडला गाडी बराच वेळ का खोळंबते, असा प्रश्न अनेक प्रवाशांना पडतो. बोरिवलीकडून येणारी गाडी दक्षिणेकडून स्थानकात शिरते. दिवा–पनवेलकडे जाणारा फाटा मात्र स्थानकाच्या त्याच दक्षिण बाजूने, नायगावच्या दिशेस निघून पूर्वेकडे वळतो. त्यामुळे गाडीला आल्या वाटेनेच परत निघावे लागते. एका टोकाचे इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. गुजरातकडून येणाऱ्या गाड्यांना ही अडचण नाही, कारण त्या उत्तरेकडून येऊन सरळ पुढे जातात. वसई रोडनंतर जूचंद्र, कामण रोड, खारबाव अशी आपल्या परिचयाची स्थानके ओलांडीत गाडी भिवंडीकडे जाते.

खरी कोकण रेल्वे सुरू होते ती रोह्यापासून. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाने मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग बांधला व २६ जानेवारी १९९८ रोजी तो पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. रत्नागिरीच्या अलीकडे करबुडे येथील साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, तर पलीकडे पानवल नदीवरील ६४ मीटर उंचीचा पूल. ही गाडी दिवसा धावत असल्याने हे सारे डोळ्यांनी पाहता येते. रात्रीच्या गाडीने जाणाऱ्याच्या नशिबी ते नसते.

वेळेचे गणित मात्र फारसे सुखाचे नाही. प्रारंभीच्या वेळापत्रकानुसार गाडी बुधवारी व शुक्रवारी सकाळी ६.५० वाजता वांद्र्याहून सुटून रात्री १० वाजता मडगावला पोहोचावयाची होती. म्हणजे पंधरा तास! २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–मडगाव वंदे भारत एक्स्प्रेस पावसाळ्याबाहेर हा प्रवास आठ तासांच्या आत करते. यात दोष गाडीच्या वेगाचा कमी आणि मार्गाचा अधिक आहे. २०२१ मध्ये रोहे ते वीर हा टप्पा दुहेरी झाला, परंतु त्यापुढे गोव्यापर्यंतचा मार्ग मुख्यतः एकेरीच आहे. समोरून येणारी गाडी जाईपर्यंत एखाद्या स्थानकात थांबून राहावे लागते, आणि आधीच गजबजलेल्या मार्गावर नव्याने आलेल्या गाडीच्या वाट्याला असे थांबणे अधिक येते. पावसाळ्यात तर सर्वच गाड्यांचा वेग कमी केला जातो. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून झालेल्या अपघातात सुमारे पन्नास प्रवासी मृत्युमुखी पडले, हे स्मरणात ठेवले तर त्या विलंबाबद्दल कुरकुर करावीशी वाटत नाही.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी मडगावपर्यंत न जाता करमळीला उतरावे. जुने गोवे तेथून अगदी जवळ आहे. मात्र वार नीट पाहून घ्यावा. परतीची गाडी मंगळवारी व गुरुवारी सकाळी ७.४० वाजता मडगावहून सुटते, असे वेळापत्रक ठरले होते. बुधवारी निघालेला प्रवासी रात्री पोहोचतो आणि दुसऱ्याच सकाळी गाडी परत फिरते. ती चुकली की थेट मंगळवार. शुक्रवारी निघणाऱ्यास शनिवार, रविवार व सोमवार असे तीन पूर्ण दिवस मिळतात. नोव्हेना व ३ डिसेंबरच्या सणासाठी जाणाऱ्या कुटुंबांनी हा हिशेब आरक्षणापूर्वीच करावा आणि वेळा बदलल्या नाहीत ना, याचीही खात्री करून घ्यावी.

वसईकरांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. वर सांगितलेली इंजिनाची अदलाबदल टाळण्यासाठी नायगाव ते जूचंद्र अशी सुमारे सहा किलोमीटरची दुहेरी जोडमार्गिका मंजूर झालेली आहे. तिच्यामुळे वेळ वाचेल आणि पश्चिम उपनगरांतून कोकणासाठी अधिक गाड्या सोडणे सोपे होईल. या दृष्टीने ती स्वागतार्हच आहे. परंतु त्या मार्गिकेवरून जाणाऱ्या गाडीस वसई रोड स्थानकात येण्याचे कारणच उरणार नाही. नायगाव किंवा जूचंद्र येथे या गाडीस थांबा मिळावा, ही मागणी प्रवासी संघटनांनी व ग्रामस्थांनी मार्गिका तयार होण्यापूर्वीच रेल्वेकडे लेखी नोंदवून ठेवावी. वेळापत्रक एकदा ठरले की थांबा मिळविण्यासाठी किती वर्षे खेटे घालावे लागतात, हे वसईला नव्याने सांगावयास नको.